सामाईक विहीर

गेणभाऊ सोमवारी सकाळी आठालाच दारात येऊन उभे राहिले, आणि अमृतच्या ओठाशी गेलेली कपबशी तिथेच थांबली.

"अमृता, किटकॅट घे आन चल. आज इहीर उपसायची."

"आज?"

"मंग कवा? मासं मेलं. पानी दर आठवड्याला हातभर खाली चाललंय. झरा बुजलाय गाळानं, दुसरं काय? बैलं जुपूनच आलोय. भिका दोर घेऊन फुडं गेला, धोंडाबाई घमेली घेऊन येती. पाळी तुझी हाय, म्हंजी उतरायचं तू आन भिकानं."

"मी जरा प्लॉटवर जाऊन येतो, भाऊ. धा मिनिटं."

"टोमॅटो काय पळून चाललीत व्हय रं? उन्हं चढायच्या आत पन्नास घमेली वर आली पायजेत. चल, मर्दा."

निमगाव सावाच्या ओढ्याकाठी असलेली ती विहीर गेणभाऊ, धोंडाबाई आणि अमृत अशा तीन घरांची होती. सातबाऱ्यावर तिघांची नावे होती, पण सातबारा काही पाणी वाटत नाही. पाणी वाटत होते ते तीन किटकॅट. चिनी मातीच्या त्या पांढऱ्या फ्यूजना सारा मुलूख याच नावाने ओळखतो. वीज आली त्या साली तिन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी बेलभंडारा उचलून ठरवले होते, की मोटारी तीन असल्या तरी किटकॅट एकाच पिशवीत राहतील आणि ज्याची पाळी त्याच्या घरी ती पिशवी जाईल. दोन दिवस एका घरी, दोन दिवस दुसऱ्या. दिवेलागणीला पिशवी पोचवायला येणाऱ्याला घोटभर चहा मिळे. भांडण असले तरी चहा चुकत नसे. एकदा गेणभाऊंचे आणि अमृतच्या वडलांचे बांधावरून वर्षभर बोलणे बंद होते. त्या वर्षातही पिशवी वेळेवर येत राहिली आणि चहाही न बोलता प्यायला गेला.

या रिवाजाला आणखी एक पदर होता. विहिरीत उतरणारा माणूस किटकॅट खिशात घालून उतरे. खाली माणूस आणि वर कुणी चुकून बटण दाबले, असे व्हायची शक्यताच उरू नये म्हणून. किटकॅट खिशात आहेत म्हणजे वीज खिशात आहे. पंचवीस वर्षे त्या खिशाच्या भरवशावर माणसे त्या कातळात उतरत होती आणि चिखलाने माखून, हसत वर येत होती.

अमृतने खुंटीवरची पिशवी काढली. तीनही किटकॅट खिशात टाकले. ते मांडीला थंड लागले. आपल्या खिशात या घडीला काहीही नाही, हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होते.

*

दोन महिन्यांपूर्वी नारायणगावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या राजमहंमदच्या दुकानात तो गेला होता. फाल्गुन संपत आला होता. जिल्हाभर पाण्याची ओरड होती आणि बाजारात टोमॅटोचे क्रेट येताक्षणी उचलले जात होते. अमृतने तीन एकर लावले होते, ठिबक अंथरली होती, रोपांना सुतळ्या बांधल्या होत्या. हिशेब केल्यावर त्याला जे दिसले ते इतकेच होते, की दोन दिवसांचे पाणी पुरणार नाही.

राजमहंमदने तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मान वर न करता विचारले, "ऑटो पायजे? बसवतो की. लाईट आली का मोटार आपली आपन चालू. तुमी झोपा घरी. पर पावणं, इहीर कुनाची?"

"माझी."

"एकट्याची?"

"एकट्याची."

तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. चष्म्याला एका बाजूने दोरा बांधला होता. "सामाईक इहिरीला मी ऑटो देत न्हाई, म्हनून इचारलं. ऑटोला डोळं नसत्यात, राव. लाईट आली का त्यो उठनार. आत कोन उतरलंय, कोनाची पाळी, त्याला काय ठावं? इहिरीत उतरायच्या आदी वायर सोडवायची. येक डाव इसरला, तर दुसऱ्या डावाला मानूस ऱ्हात न्हाई."

"ध्यानात ठेवतो."

ध्यानात ठेवलेच होते. प्लॉटजवळच्या पत्र्याच्या खोलीत त्याने स्वतःच्या हाताने पेटी बसवली. सामाईक बोर्डाला आणि किटकॅटना वळसा घालून खांबावरून एक वायर थेट आत घेतली. पाइप आधीपासूनच जमिनीखालून होता, मोटार पाणबुडी, तिला आवाज नाही, आणि पाणी पडत होते ते झाकलेल्या टाकीत. खोलीला कुलूप घातले आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

पुढे जे घडले त्याचे त्यालाच नवल वाटले होते. पहिल्या आठवड्यात छातीत धडधड होई. गेणभाऊंच्या पाळीच्या दिवशी लाईट आली की तो जिथे असेल तिथे कान टवकारी. दुसऱ्या आठवड्यात ते कमी झाले. तिसऱ्यात त्याच्या ध्यानातही राहीना. कारण तो काहीच करत नव्हता. परक्या पाळीला त्याने आजवर एकदाही बटण दाबले नव्हते. लाईट येत होती, पेटीतले काहीतरी टक् करून मिटत होते, पाणी चढत होते, आणि तो त्या वेळी बाजारात असे, जेवत असे, धोंडाबाईच्या ओट्यावर बसून तिच्या नातीच्या सोयरिकीच्या गोष्टी ऐकत असे. चोरीला हात लागतो. इथे हातच नव्हता. हातावाचून घडलेल्या कृत्याचे पाप कुणाच्या तळव्याला चिकटणार? असा प्रश्न त्याच्या मनात एकदा उगवला होता, आणि उत्तराची वाट न पाहता त्याने तो तसाच मिटवला होता.

फक्त तीन आठवड्यांपूर्वी कातळाला घासून केबल सोलली होती. मोटार वर काढून नवी केबल घालायची तर दहा माणसे जमली असती, दहा प्रश्न आले असते. म्हणून भर दुपारी, कुणी नाही असे पाहून, त्याने पायऱ्यांवर बसून केबल ओढून घेतली आणि काळी चिकटपट्टी गुंडाळून ती पुन्हा पाण्यात सोडली. चार दिवसांनी पहिला मासा पोट वर करून तरंगला. उन्हाने मेला असेल, अमृतने स्वतःला सांगितले. मग आणखी नऊ तरंगले. ऊन तर होतेच.

*

आता तो फळीवर बसून खाली चालला होता. वर कप्पी कुरकुरत होती. दोराचे दुसरे टोक गेणभाऊंच्या बैलजोडीला होते, आणि बैल मागे मागे सरकत होते तसतसा आकाशाचा गोल आकसत होता. अर्ध्यापर्यंत बांधीव दगड, त्याखाली कातळ. पायऱ्या बांधकामापुरत्याच होत्या. त्याच्या खाली जायला आणि वर यायला दोराखेरीज वाट नव्हती.

काळजी करण्यासारखे काही नाही, तो स्वतःला सांगत होता. शेतीची लाईट दोनला येते. एकपर्यंत गाळ निघेल. जेवायच्या मिषाने वर आलो की खोलीकडे जाऊन वायर काढायची, आणि या खेपेला कायमची काढायची. देवाशपथ कायमची.

काल संध्याकाळी त्याच्याच पाळीला मोटारीने हवा ओढेपर्यंत पाणी काढले होते. रात्रीत पाझरून ते गुडघाभर झाले होते. तळाशी काळा, लोण्यासारखा गाळ होता. भिका आधीच उतरून कामाला लागला होता. गेणभाऊंचा हा धाकटा भाऊ अमृतच्याच वयाचा. दोघे एकाच बाकावर शिकले आणि एकाच वर्षी नापास झाले.

"या सायेब," भिका म्हणाला. "घरून धाडलं का तुमाला? मला वाटलं टोमॅटोला विचारून येनार."

"दे घमेलं."

"त्वांड का असं झालंय? शीलावैनीनं भाकर दिली न्हाई?"

अमृत हसला. विहिरीत हसणे वेगळे ऐकू येते. ते भिंतींवरून फिरून आपल्याच पाठीवर येऊन पडते.

काम लयीत सुरू झाले. खोऱ्याने ओढायचे, घमेले भरायचे, दोराच्या आकड्याला अडकवायचे, "वढा!" म्हणून हाळी द्यायची. बैल पुढे चालत, घमेले डुलत वर जाई, धोंडाबाई आणि अमृतची बायको शीला ते काठावर रिकामे करीत. सत्तरीची धोंडाबाई तिसऱ्या घरची मालकीण होती. नवरा जाऊन बारा वर्षे झाली, तरी तिने आपल्या पाळीचा एक दिवस कधी सोडला नव्हता.

"भिक्या," वरून तिचा आवाज आला, "कासव दिसतं का रं? आमच्या ह्यांनी सोडल्यालं. पानी साफ ठेवतं ते."

"गाळात बसलं आसंल, आक्का. गावलं का सांगतो."

अमृतचे खोरे काहीतरी कठीण गोलसर वस्तूला लागले. त्याने पायाने चाचपले. पाठीचे कवच, वाटीएवढे. त्याने हळूच ते उलटे केले. मान बाहेर लोंबत होती आणि तिला ओढ नव्हती. भिकाची पाठ होती. अमृतने पाय ठेवला आणि कासवाला गाळात खोल दाबले. चिखल पायाच्या बोटांमधून वर आला आणि मग सारे पुन्हा सपाट झाले.

मासा उन्हाने मरतो. कासव उन्हाने मरत नाही.

"भिका, किती वाजलं असतील?"

"तुला कशाला वेळ? चल हाण." भिकाने वर पाहिले. उन्हाची कड पश्चिमेच्या भिंतीवरून उतरत कातळाच्या निम्म्यावर आली होती. वर पांढरा झगझगीत दगड, खाली काळा, आणि मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. "उन्हं तळाला टेकली का बारा. आजून अर्धा तास हाय. बारापतुर लाईट येतीया, तवर..."

"बाराला? दोनला येती."

"ती मागल्या आठवड्यात, येड्या. आज सोमवार न्हाई का? लाईटची पाळी बदलली. ह्या आठवड्यात बारा ते आठ. रातच्याला वायरमन सांगून गेला की देवळापाशी. तू कुठं व्हतास?"

अमृत त्या वेळी टाकीचे झाकण उघडून पाणी किती चढले ते पाहत होता.

गुडघाभर पाणी अचानक फार जड झाले. त्याने पाय उचलून पाहिला. तो उचलला गेला, पण ठेवायला दुसरी जागा नव्हती. चहूबाजूंनी कातळ, ओला, सरळ, वर वर जाणारा. एवढी मोठी पृथ्वी, आणि तिच्यावर उभे राहायला कोरडी वीतभर जागा नसावी.

"आरं, मला बरं वाटंना," तो म्हणाला. "पोटात कळ आलीया. मला वर घ्या."

"आत्ता व्हय? सकाळी भरपेट न्याहारी हाणून आलास."

"खरंच."

भिकाने वर हाळी दिली. "भाऊ, सायबांच्या पोटात कळ आलीया!"

गेणभाऊंचे डोके आकाशाच्या गोलात काळे दिसले. "मंग घ्या त्याला वर, त्याच्या जागी मी उतरतो. येकट्याला खाली ठेवायचं न्हाई कधी. अमृता, किटकॅट माझ्याकडं दे काठावर आलास का. मी खिशात घालून उतरतो."

अमृतला ते दृश्य स्पष्ट दिसले. आपण वर जाऊ. काठावर उभे राहून ही तीन पांढरी ढेकळे म्हाताऱ्याच्या हातात ठेवू. तो ती सदऱ्याच्या खिशात घालील, वरून एकदा थोपटून पाहील, आणि निर्धास्त होऊन फळीवर बसेल. मग चार शेतांपलीकडच्या खोलीकडे आपण पळत सुटू. आणि वेळ चुकली तर? वेळ चुकली तरी आपण वरच असू. हा शेवटचा विचार त्याने केला नव्हता. तो आला. पण आला तो त्याच्याच आवाजात.

"नगं," तो ओरडला. "नगं, भाऊ. ऱ्हायलं. थांबली कळ."

"नक्की?"

"व्हय."

"नौटंकी लई झाली तुझी," भिका म्हणाला.

घमेली जात राहिली. उन्हाची रेघ उतरत राहिली. अमृतने दुसरी वाट शोधली. "आपण आदी जेवून घेऊ का? शीलानं पिठलं आणलंय."

"धाबारा घमेली ऱ्हायलीत. निम्म्यात सोडलं तर कडंचा गाळ पुन्यांदा घसरंल."

"लाईट यायची येळ झाली रं."

भिका खोऱ्यावर रेलून हसला. "आली तर येऊ दे! किटकॅट तुझ्या खिशात हाय का न्हाई? हाय ना? मंग लाईट काय दोरावरून उतरून येनार हाय? वायरमनचा पोरगाच झालाईस, राव."

वर शीलाही हसली. तिला काही ठाऊक नव्हते. शेतात पाणी वाढले तेव्हा ती म्हणाली होती, या साली ठिबकने जादू केली. तिने त्या जादूला ओवाळायचेच काय ते बाकी ठेवले होते.

त्याने तिसरी वाट शोधली, मग चौथी. प्रत्येक वाट फिरून त्याच्या खिशाशी येऊन थांबत होती. जी भिंत त्याने सगळ्यांना फसवायला उभी केली होती, तिच्याच आत तो आता कोंडला होता, आणि ती भिंत सगळ्यांच्या विश्वासाची होती म्हणून तिला कुठेही फट नव्हती. ते जर थोडे संशयी असते, एकाने जरी कधी म्हटले असते, की काय रे, किटकॅट असली तरी जरा जपून, तर त्या संशयाचा दोर धरून तो वर चढला असता. पण कुणीच म्हणत नव्हते.

रेघ आता हातभर वर उरली होती.

"ह्या वायरी मधीच येत्यात," भिका म्हणाला. मोटारींच्या कोपऱ्यातला गाळ काढायचा तर पाण्यात लोळणाऱ्या केबली बाजूला घ्यायला हव्या होत्या. त्याने खोरे कातळाला टेकवले, दोन्ही हातांनी एक केबल उचलली आणि वेढा करून खांद्यावर टाकली. काळे ओले वेटोळे त्याच्या मानेवरून छातीवर लोंबले. "ही तुझी न्हाई का? आन ह्यो जोड कुनी मारला? पट्टी सुटलीया बघ. तार दिसती."

त्याने अंगठ्याने पट्टीचे टोक खरवडले.

"सोड ती."

"आरं, आत्ता..."

"भिक्या, सोड! डायरेक हाय ती!"

हा शब्द शेतात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. भिकाचा अंगठा जागीच थांबला. त्याने अमृतच्या तोंडाकडे पाहिले, मग त्याच्या खिशाकडे, मग पुन्हा तोंडाकडे. मग दोन्ही हातांनी, साप उतरवावा तशी, त्याने ती केबल खांद्यावरून उचलली आणि कातळाच्या एका टोकाला अडकवली. जोड पाण्याबाहेर राहिला, पण केबलीचा बाकी वेढा पाण्यातच होता, आणि त्यात आणखी कुठे घास आहे ते कुणालाच माहीत नव्हते.

"डायरेक म्हंजी?"

"खांबावरनं. प्लॉटच्या खोलीत ऑटो हाय. किटकॅटचा... किटकॅटचा संबंध न्हाई." आवाज भिंतींवरून फिरत वर गेला. विहीर काही लपवत नाही. कुजबुजही काठावर नेऊन ठेवते. "लाईट आली का चालू व्हईल. आमाला वर घ्या, भाऊ. भिकाला घ्या आदी."

वर गेणभाऊंनी दोराला फळी अडकवली. बैलांच्या गळ्यातली घुंगरे वाजू लागली.

"कवापास्नं?" भिका म्हणाला.

"फाल्गुनापास्नं."

"मासं?"

अमृतने मान हलवली. मग म्हणाला, "कासव बी."

भिका त्याला मारील असे त्याला वाटले, आणि मारले असते तर बरे झाले असते. पण फळी खाली आली होती. भिकाने हात पुढे केला. "किल्ली."

ओल्या बोटांनी करगोट्याची गाठ सुटेना. अमृतने दोरा हिसडून तोडला. भिकाने किल्ली दातांत धरली, फळीवर बसला, आणि बैल चालले. त्याचे चिखलाने भरलेले पाय अमृतच्या तोंडासमोरून वर गेले, लहान झाले, काठावर नाहीसे झाले. वर धावणारी पावले वाजली आणि दूर गेली.

तो एकटा उरला. उन्हाची रेघ पाण्याला टेकली, आणि काळे पाणी एका बाजूने हळूहळू सोन्याचे होऊ लागले. इतके सुंदर त्याने कधी पाहिले नव्हते आणि त्याला ते पाहवत नव्हते. फळी पुन्हा खाली यायला बैलांना मागे सरकावे लागते, आणि बैल मागे सरकायला नेहमीच नाखूश असतात. फळी पाच पुरुष उंचीवर होती. चार पुरुष. तो तिच्याकडे पाहत हात वर करून उभा होता.

काठावर सामाईक बोर्डाच्या खोलीत लाईट आल्याचे कळावे म्हणून एक बल्ब कायम चालू ठेवलेला असे.

"लाईट आली!" धोंडाबाई ओरडली.

त्याने डोळे मिटले. अंगातला प्रत्येक स्नायू पाण्याकडे कान लावून उभा राहिला. आजूबाजूच्या शिवारांत ऑटो उठत होते. दूरवर कुणाच्या तरी पाइपातून पाणी धबधबा कोसळू लागले, मग दुसऱ्याच्या. साऱ्या गावाच्या मोटारी एका क्षणी जाग्या झाल्या होत्या, कुणाचाही हात न लागता. त्याच्या पायांभोवती पाणी होते. नुसते पाणी. थंड.

फळी डोक्याला लागली तेव्हा त्याला कळले की आपण जिवंत आहोत.

*

वर आल्यावर त्याला बसायला कुणी सांगितले नाही आणि उठायलाही नाही. शीला पाठ करून उभी होती. तिने पिठल्याचे झाकण काढले होते आणि ते हातातच धरून ती शेताकडे पाहत होती.

भिका परत आला. कुलूप उघडायला त्याला वेळ पुरला होता, पण वायर काढायला पक्कड सापडली नव्हती. त्याने काठीने हिसडून ती खांबापासून तोडली होती. तळहात फाटला होता. तो गेणभाऊंच्या शेजारी उकिडवा बसला.

"आनखी काय हाय का?" त्याने अमृतला विचारले. रागाने नव्हे. नुसते विचारले.

"न्हाई."

"दुसरी वायर? दुसरा जोड?"

"न्हाई रं. शप्पथ."

भिकाने मान हलवली. अमृत खरे बोलत होता. आयुष्यात इतके खरे तो कधी बोलला नव्हता. पण ते खरे आहे हे कुणाला दाखवता येण्यासारखे काहीच त्याच्यापाशी उरले नव्हते. टेस्टर वायरीत वीज आहे का ते सांगतो. माणसाच्या शब्दाला टेस्टर लावायचा कुठे?

"धा घमेली ऱ्हायलीत," गेणभाऊ म्हणाले. ते विहिरीत पाहत होते. "आज न्हाई काढली तर समदं पुन्यांदा खाली बसंल."

"मी न्हाई उतरत," भिका म्हणाला. "ह्याच्या संगं न्हाई, आन ह्याच्याबिगर बी न्हाई. आता कशावर उतरू, भाऊ? तुमी सांगा. कशावर?"

पंचवीस वर्षे जे कुणी विचारले नव्हते ते आज विचारले गेले होते.

"मी उतरतो," अमृत म्हणाला.

"येकट्याला..." गेणभाऊंनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

त्याने किटकॅट काढून बांधावर ठेवले. कुणी उचलले नाहीत. तो फळीवर बसला. सगळीकडे लाईट होती, सगळीकडे मोटारी चालू होत्या, आणि आठपर्यंत त्या चालू राहणार होत्या. आपल्या खोलीचे दार आता उघडे आहे हे त्याला ठाऊक होते. वायर काठीने हिसडून तोडता येते तशी ती पुन्हा अडकवताही येते. खोलीपाशी कुणी थांबले आहे का, हे विचारावेसे त्याला वाटले. पण विचारायचा अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता. बैल मागे सरकू लागले. आकाश लहान झाले.

खाली ऊन कलले होते. अर्धे पाणी पुन्हा काळे झाले होते. तो त्यात उतरला, आणि गुडघ्यापर्यंतचे सारे अंग जणू त्याचे राहिले नाही. ते वरच्यांच्या हाती गेले. त्याने खोरे घेतले. पहिल्यांदा त्याने कासव शोधून काढले, दोन्ही हातांनी धुतले आणि घमेल्यात गाळावर ठेवले. आकडा अडकवला. हाळी द्यायला तोंड उघडले, पण "वढा" हा शब्द बाहेर येईना. कुणाला म्हणणार होता तो?

वर कुणीतरी दोराला हात घातला असावा. तो थोडा सैल पडला, मग तसाच लोंबत राहिला. बराच वेळ. इतका, की त्याला आपल्या पायांभोवतीचे पाणी शांत होत जाताना दिसले आणि त्यात त्याचा चेहराही दिसू लागला.

मग धोंडाबाईचा आवाज आला. तिला अजून घमेल्यात काय येते आहे ते माहीत नव्हते. ती त्याच्याशी बोलत नव्हती. ती काठावरच्या माणसांवर खेकसत होती, जशी कुणाही गड्यासाठी खेकसली असती.

"धरा की नीट! मानूस हाय खाली."

दोर ताणला गेला. घमेले हलले आणि डुलत डुलत वर निघाले. अमृत त्याच्याकडे पाहत उभा राहिला, आणि ते काठाशी पोचायच्या आत मान खाली घालून त्याने दुसरे घमेले भरायला घेतले.